ब्रिटनमधली घरभाड्याची सरकारी मदत: दर गोठलेले, भाडं पळतंय

शेवंती

दुसऱ्या एका धाग्यावर "बेनिफिटवाले भाडेकरू आमच्या टॅक्सवर मजा मारतात" अशी प्रतिक्रिया वाचली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी लंडनच्या वायव्य भागात, हॅरो-वेम्बलीकडे, एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक आहे. येणाऱ्यांत मराठी माणसं थोडीच असतात, पण असतात.

आधी व्यवस्था सांगते. खाजगी घरात भाड्याने राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या माणसाला भाड्यासाठी मदत मिळते. पूर्वी ती हाउसिंग बेनिफिट म्हणून यायची. आता कामाच्या वयातल्या बहुतेकांना ती युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच (कमी उत्पन्नवाल्यांची एकत्रित मासिक मदत) येते, पेन्शनरांना मात्र अजून जुन्याच नावाने. पण भाडं जेवढं तेवढी मदत, असं कधीच नसतं. तुमच्या विभागात, तुमच्या कुटुंबाला नियमाप्रमाणे जितक्या बेडरूम लागतात तितक्यांसाठी एक कमाल दर ठरलेला असतो. तो लोकल हाउसिंग अलाउन्स, बोलताना एलएचए. २००८ साली तो देशभर लागू झाला तेव्हा विभागातल्या भाड्यांचा मध्य धरून काढायचे. म्हणजे बाजारातली साधारण निम्मी घरं त्या दरात बसायची.

जून २०१० च्या बजेटात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी त्याला कात्री लावली. एप्रिल २०११ पासून मध्याच्या जागी तिसावा टक्का आला. शंभर घरं स्वस्तापासून महागापर्यंत ओळीने लावली तर तिसाव्या घराचं जे भाडं तो दर. वर आणखी मर्यादा घातली: एका बेडरूमला आठवड्याला २५० पौंड, दोनला २९०, तीनला ३४०, चारला ४००. पाच बेडरूमचा दर बंदच केला. जानेवारी २०१२ पासून पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला फक्त शेअर्ड घरातल्या एका खोलीचा दर मिळू लागला. आधी ही अट पंचविशीपर्यंतच होती.

यावर निदान आरडाओरडा तरी झाला. बोरिस जॉन्सन तेव्हा लंडनचे महापौर होते. आपल्याच पक्षाच्या सरकारला उद्देशून त्यांनी "लंडनमधून गरिबांची कोसोवोसारखी (तिथे एका जमातीला घरांतून हाकललं होतं) सफाई होऊ देणार नाही" अशा अर्थाचं विधान केलं आणि मग सारवासारव करत बसले. खरी मोठी कपात त्यानंतर, कुणाला न सांगता झाली. २०१३ मध्ये दरांचा भाड्याशी असलेला धागा तोडून तो महागाई निर्देशांकाला बांधला. पुढची दोन वर्षं जेमतेम १ टक्का वाढ. २०१६ पासून चार वर्षं दर जागच्या जागी. कोविड आला म्हणून एप्रिल २०२० मध्ये परत तिसाव्या टक्क्यावर आणले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा गोठवले, ते थेट २०२४ पर्यंत. एप्रिल २०२४ ला वाढवले, तेही सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या भाड्यांवरून. एप्रिल २०२५ ला परत वाढ नाही.

त्यामुळे "तिसावा टक्का" हा आता कागदावरच आहे. आज भाड्याच्या जाहिराती उघडून त्या दरात बसणारं घर शोधून बघा. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक नोकरी करणारेच आहेत. केअर होममध्ये, गोदामात, शाळेच्या किचनमध्ये. भाड्याची तफावत ते जेवणाखाण्याच्या आणि हीटिंगच्या पैशातून भरतात.

मालक मंडळींनीही लिहावं. त्यांची बाजू मला रोज फोनवर ऐकायला मिळते, पण ती भांडणाच्या स्वरात.

वांगंभरीत

चांगला धागा. एक बाळबोध प्रश्न: आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत. उद्या नोकरी गेली तर यातलं काही मिळेल का?

शेवंती

नाही. तुमच्या व्हिसावर सरकारी निधीचा आधार घेता येत नाही ही अट छापलेली असते. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळाल्यावरच हे दार उघडतं. नवरा-बायकोपैकी एक ब्रिटिश आणि दुसरा व्हिसावर असेल तर पात्र असणाऱ्याला अर्ज करता येतो, पण दावा एकट्याचा धरतात. जोडीदाराचं उत्पन्न आणि बचत मात्र पूर्ण मोजतात.

कोथरूडचा_तर्कट

मला यात अर्थशास्त्राचा साधा नियम दिसतो. सरकार भाड्याला पैसे देतंय हे कळलं की मालक भाडं वाढवणारच. मदत कमी करा, भाडी आपोआप खाली येतील. २०१० मध्ये सरकारचं हेच म्हणणं होतं ना? मग चुकलं काय?

शेवंती

म्हणणं तेच होतं, आणि ते तपासूनही झालंय. सरकारनेच नेमलेल्या अभ्यासात इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने हिशोब काढला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कपातीचा सुमारे ८९ टक्के भार भाडेकरूंवर पडला, मालकांनी भाडं कमी करून उचललेला वाटा ११ टक्के.

कारण अवघड नाही. मालकाने भाडं उतरवायला त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळत नसलं पाहिजे. इथे एका फ्लॅटच्या व्ह्यूइंगला रांग लागते, रांगेतले निम्मे बँकेत किंवा आयटीत. ब्लॅकपूलसारख्या गावात, जिथे खाजगी भाडेकरूंत बेनिफिटवाल्यांचं प्रमाणच मोठं आहे, तिथे तुमचा नियम थोडाफार चालेल. लंडनमध्ये, रेडिंगमध्ये, मिल्टन कीन्समध्ये मालकाला त्याची गरजच नाही.

कोथरूडचा_तर्कट

आकडा रोचक आहे. पण मग उलटं टोकही मान्य करा: दर वाढवले की त्यातला काही भाग मालकाच्या खिशात जाणार.

शेवंती

काही भाग जातोच, नाकारत नाही. म्हणून घरं बांधायलाच हवीत. पण घर बांधून होईपर्यंत माणसाने राहायचं कुठे?

लेस्टरकर

मालक बोलतोय. लेस्टरमध्ये दोन टेरेस घरं (म्हणजे रांगेतली, भिंतीला भिंत लागून), दोन्ही दोन बेडरूमची. एक २००९ मध्ये घेतलं, दुसरं २०१४ मध्ये. पेन्शनची सोय म्हणून. बायको नर्स, मी इंजिनिअर, आमच्यामागे कुणी इस्टेटवाला नाही.

बेनिफिटवाला भाडेकरू मी कधी नाकारला नाही. उलट मी घर घेण्याआधी मालकांना तेच बरे वाटायचे, कारण जुन्या पद्धतीत काउन्सिलकडून (इथली पालिका) पैसे थेट मालकाला घेता यायचे. २००८ पासून ते भाडेकरूच्या खात्यात जायला लागले. आठ आठवडे थकले की मगच थेट मालकाला. आता युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये पहिले पैसे हातात यायलाच पाच आठवडे लागतात. त्या पाच आठवड्यांत माझा बँकेचा हप्ता थांबत नाही. दोन महिन्यांचं भाडं थकलं की ऑनलाइन अर्ज करून थेट पैसे मागता येतात, पण तेही एलएचए असेल तेवढेच. वरची तफावत भाडेकरूने द्यायची, आणि बहुतेक वेळा बुडते तीच.

आता माझ्याकडची बाजू. २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने गृहकर्जाचं व्याज भाड्यातून वजा करायची सवलत काढली आणि तिच्या जागी फक्त २० टक्क्यांची सूट ठेवली. मी वरच्या टॅक्स पट्टीत आहे, म्हणजे जे पैसे मी बँकेला व्याज म्हणून देतो त्यावरही मला टॅक्स बसतो. २०२३ मध्ये माझ्या कर्जाची फिक्स्ड व्याजाची मुदत संपली. व्याज दोन टक्क्यांच्या आत होतं ते पाचाच्या वर गेलं. एका घराचं भाडं ८२५ आहे, बाजारात त्याचे हजाराच्या आसपास येतील. भाडेकरू एकटी बाई, दोन मुलं, घर स्वच्छ ठेवते, कधी तक्रार नाही. भाडं वाढवलं तर तिची मदत एका पेनीने वाढणार नाही, सगळं तिच्या अंगावर. नाही वाढवलं तर माझ्या.

शेवंतीताई, तुम्ही म्हणता भार भाडेकरूंवर पडला. माझ्या वहीत तो माझ्यावरही पडलाय.

कांदेपोहे_इलफर्ड

लेस्टरकर, सहानुभूती आहे, पण घराची किंमत २००९ पासून किती वाढली तेही लिहा की. वहीचं एकच पान दाखवू नका.

लेस्टरकर

दुपटीच्या वर गेली. मान्य. पण ती विकल्यावरच हातात येते, आणि विकायचं म्हणजे त्या बाईला बाहेर काढायचं. तेच तर चाललंय सगळीकडे.

गोदाकाठ

लेस्टरकरांनी नेमकं ठेवलंय. मी एका काउन्सिलच्या बेघर विभागात काम करतो (कोणतं ते विचारू नका), तर पुढचा अंक मी सांगतो.

मालक विकायला काढतो, भाडेकरूला नोटीस देतो. १ मे २०२६ पर्यंत ती कलम २१ ची दोन महिन्यांची नोटीस असायची, कारण सांगावं लागत नसे. भाडेकरू आमच्याकडे येतो. २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने आम्ही त्याला बेघर होण्याआधीच मदत करायची आहे. मदत म्हणजे काय, तर एलएचएच्या दरात घर शोधून द्यायचं. ते नाहीच. मग सल्ला असा दिला जातो की कोर्टाचा बेलिफ (घराचा ताबा घेणारा अधिकारी) येईपर्यंत घर सोडू नका. हा सल्ला मालकांना आवडत नाही आणि आम्हालाही द्यायला लाज वाटते. पण आधी बाहेर पडलात तर आपणहून घर सोडलंत असं धरलं जाण्याची भीती असते.

बेलिफ आला की कुटुंब आमच्या ताब्यात, म्हणजे तात्पुरत्या घरात. बी-अँड-बीची (छोट्या लॉजची) खोली किंवा रोजच्या भाड्याने घेतलेला फ्लॅट. इंग्लंडमध्ये आज १,३०,००० च्या वर कुटुंबं अशा तात्पुरत्या जागेत आहेत. आणि खरी मेख इथे आहे: या जागांसाठी काउन्सिलला केंद्राकडून जो परतावा मिळतो तो अजून जानेवारी २०११ च्या एलएचएच्या ९० टक्क्यांवर अडकलेला आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा दर, तोही दहा टक्के कापून! वरचा सगळा खर्च काउन्सिलच्या तिजोरीतून. त्यातून ग्रंथालयं बंद होतात, रस्त्यावरचे खड्डे तसेच राहतात, आणि लोक म्हणतात काउन्सिल काम करत नाही.

कधी कधी तर असं होतं की ज्या मालकाने भाडेकरूला महिना दोनशे पौंड कमी पडतात म्हणून काढलं, त्याचंच घर एजंटमार्फत रोजच्या दराने आमच्याकडे येतं. दुप्पट पैशाला.

वांगंभरीत

हे शेवटचं वाचून डोकं गरगरलं.

सदाशिव_पेठ_सोडलेला

अवांतर: हे सगळं वाचताना मुंबईच्या चाळी आठवल्या. तिथे १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर धरून ठेवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती खचल्या, पागडीचा धंदा फोफावला. १९९९ चा कायदा येईपर्यंत तोच कारभार, आणि नंतरही फार फरक नाही. मुंबईत भाडं गोठवलं आणि मालक बुडाला. ब्रिटनमध्ये भाडं मोकळं ठेवून मदत गोठवली आणि भाडेकरू बुडतोय. दोन्हीकडे सरकारने आपला खर्च दुसऱ्याच्या गळ्यात मारला.

कोथरूडचा_तर्कट

+१. (पहिल्यांदाच कुणाशी सहमत झालो.)

पिवळा_डबा

फुकट्यांना घरं देण्यापेक्षा…

*[प्रतिक्रियेचा उरलेला भाग काढला आहे. वैयक्तिक आणि जातिवाचक शेरे नकोत. — संपादक]*

मोगरा

एरवी वाचनमात्र असते. आज लिहितेय.

मी केअर असिस्टंट आहे, घटस्फोट झालाय, मुलगी नऊची, मुलगा सहाचा. हॅरोत दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं १,७५०. पगार अधिक युनिव्हर्सल क्रेडिट असं चालतं. भाड्याच्या भागात दर महिन्याला अडीचशेच्या आसपास कमी पडतात. मुलांसाठी मिळणाऱ्या पैशातून भरते. हिवाळ्यात शिफ्ट जास्त घेते. पण पगार वाढला की क्रेडिट कापतात, पौंडामागे ५५ पेनी, त्यामुळे ओव्हरटाइमचं हातात फार राहत नाही.

हे घर शोधताना किती एजंटांनी फोन ठेवला याची गणती नाही. "आमच्या मालकाला बेनिफिट चालत नाही." एकाने गॅरंटर (हमीदार) मागितला, तो घरमालक असलेलाच हवा. एकाने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. सहा महिन्यांचं भाडं जवळ असतं तर मला बेनिफिट कशाला लागलं असतं?

आमच्या मंडळातल्या बायकांना यातलं काही माहीत नाही. गणपतीत सगळ्यांनी नटून यायचं आणि "कसं चाललंय" ला "मस्त" म्हणायचं. कुणी विचारलं तर मी सांगेनही कदाचित, पण कुणी विचारत नाही.

आता एक काळजी नवीन. डोंबिवलीच्या फ्लॅटवर आईबरोबर माझं नाव आहे. एका मैत्रिणीने सांगितलं की १६,००० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर क्रेडिट बंद, आणि घेतलेलं परतही द्यावं लागतं. तेव्हापासून झोप नाही.

लेस्टरकर

मोगराताई, मी मालकांची बाजू मांडली खरी, पण तुमच्या पोस्टनंतर काय लिहावं कळत नाही.

शेवंती

मोगरा, आधी फ्लॅटचं. नियम खरा आहे: बचत आणि मालमत्ता १६,००० च्या वर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट बंद. भारतातलं घरही त्यात धरतात, आणि आपल्यातले कितीतरी जण ते सांगायचं विसरतात किंवा लपवतात. मग वसुली लागते. पण त्याला अपवाद आहे. त्या घरात जवळचा नातेवाईक स्वतःचं घर म्हणून राहत असेल आणि तो इथल्या पेन्शनच्या वयाचा असेल, तर त्या घराची किंमत धरत नाहीत. आईवडील जवळच्या नातेवाइकांत येतात. आईचं वय किती आणि ती तिथेच राहते का?

मोगरा

७१. तिथेच राहते, एकटी.

शेवंती

मग बसतं अपवादात. तरी स्वतःहून जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातलं निरोपांचं पान) कळवा: घरावर तुमचं नाव आहे, त्यात आई राहते, तिचं वय एवढं. आधार कार्डाची आणि वीजबिलाची प्रत जोडता येईल अशी तयारी ठेवा. ते पाठवण्याआधी जवळच्या सल्ला केंद्रात एकदा दाखवून घ्या, शब्दांचा घोळ नको. आणि पुढेमागे घर रिकामं झालं किंवा विकलं तर लगेच कळवा, तेव्हा हिशोब बदलेल.

"बेनिफिट चालत नाही" असं सरसकट म्हणणं बेकायदा ठरवणारा निकाल यॉर्कच्या काउंटी कोर्टाने जुलै २०२० मध्येच दिलाय. अशा बंदीचा फटका बायकांना आणि अपंगांना जास्त बसतो, म्हणून तो भेदभाव. तरी फोन ठेवायला कोण कोर्टात जातंय! २०२५ चा नवा भाडेकरू कायदा ही बंदी आणखी स्पष्ट करतो, आणि १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कलम २१ बंद. आगाऊ भाडंही एका महिन्यापेक्षा जास्त मागता येणार नाही.

लेस्टरकर

त्याच कायद्याच्या धास्तीने माझ्या ओळखीतले काही जण विकून मोकळे झाले. भाडं थकल्यावर नोटीस द्यायला आता दोनऐवजी तीन महिन्यांची थकबाकी लागणार. विकायचं असेल तर कारण सांगून चार महिन्यांची नोटीस, आणि मग वर्षभर ते घर भाड्याने देता येणार नाही. हे शेवटचं मला खरं तर योग्य वाटतं. विकतो सांगून जास्त भाड्याने देणारे पाहिलेत मी.

गोदाकाठ

कायदा चांगला आहे, पण तो दर हलवत नाही. कारण न देता काढता येणार नाही, मात्र बाजारभावाने भाडं वर्षातून एकदा वाढवता येईलच. ते झेपलं नाही की थकबाकी, आणि थकबाकी हे कारण आहेच. भाड्याच्या वादांच्या ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरण) जाता येतं, पण ट्रिब्युनल बाजारभाव बघतं. भाडेकरूला मदत किती मिळते हे त्याच्या कक्षेत येत नाही.

मोगराताई, तफावतीसाठी काउन्सिलकडे डिस्क्रिशनरी पेमेंटचा अर्ज केलाय का? पैसे मर्यादित असतात, काही महिन्यांपुरतेच मिळतात, पण मिळतात. एप्रिल २०२६ पासून इंग्लंडात तो निधी क्रायसिस अँड रेझिलिअन्स फंडात जातोय, तेव्हा नाव बदललं म्हणून गोंधळू नका. अर्जात खर्चाचा तक्ता खरा लिहा. लोक संकोचाने खर्च कमी दाखवतात आणि मग "यांचं भागतंय की" म्हणून अर्ज फेटाळला जातो.

कांदेपोहे_इलफर्ड

बेनिफिट कॅपचं कुणी बोललंच नाही. माझ्या शेजाऱ्यांना तोच आडवा आला. एलएचए वाढला तरी हातात काही नाही.

शेवंती

बरोबर. एकूण बेनिफिटवर वेगळी कमाल मर्यादा आहे. २०१३ मध्ये वर्षाला २६,००० पौंड, २०१६ मध्ये लंडनला २३,००० आणि बाहेर २०,०००, आणि २०२३ पासून कुटुंबांना २५,३२३ आणि २२,०२०. दर वाढून एकूण रक्कम या रेषेला टेकली की वरचं कापलं जातं. महिन्याची कमाई ठरावीक रकमेच्या वर असेल (२०२५-२६ मध्ये ती ८४६ पौंड होती) तर ही मर्यादा लागत नाही. मोगराचा पगार त्याहून जास्त असणार, तेव्हा तिला चिंता नाही.

आणि मोगरा, एक महत्त्वाचं राहिलं. मुलगी दहाची कधी होतेय?

मोगरा

जूनमध्ये. का?

शेवंती

दहाच्या आतल्या भावंडांनी एक खोली वापरायची असं नियम धरतो, म्हणून तुम्हाला आता दोन बेडरूमचा दर लागतो. मुलगी दहाची झाली की बहीण-भावाला वेगळी खोली धरतात, आणि तुमचा दर तीन बेडरूमचा होतो. घर दोनच बेडरूमचं असलं तरी. खाजगी घरात तुम्हाला किती खोल्या लागतात ते बघतात, घरात किती आहेत ते नाही. मदत प्रत्यक्ष भाड्यापेक्षा जास्त मिळणार नाही, पण तीन बेडरूमच्या दरात तुमचे १,७५० बहुतेक बसतील. ज्या महिन्यात वाढदिवस त्याच महिन्याच्या हिशोबात बदल झाला पाहिजे, तेव्हा वाढदिवस झाल्या झाल्या जर्नलमध्ये लिहा आणि पुढच्या स्टेटमेंटवर लक्ष ठेवा. आपोआप होईल या भरवशावर राहू नका, आमच्याकडे असे राहून गेलेले बरेच येतात.

मोगरा

म्हणजे अडीचशे जूनपासून सुटतील? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

लेस्टरकर

शेवंतीताई, माझ्या भाडेकरणीचा मोठा मुलगा अकरा वर्षांचा आहे, धाकटी मुलगी आठची. ती अजून दोन बेडरूमचाच दर घेतेय असं तिच्या बोलण्यावरून वाटतं. तपासायला कुठे पाठवू? मी मालक असून विचारलेलं चालेल ना?

शेवंती

चालेल की. पण तिच्या दाव्याबद्दल तुमच्याशी कुणी बोलणार नाही, तेव्हा तिलाच तिच्या जर्नलमध्ये विचारायला सांगा: "माझ्या दाव्यात किती बेडरूम धरल्या आहेत?" उत्तर आलं की इथे टाका, किंवा मला व्यक्तिगत निरोप करा. मागचा फरक मिळण्याची शक्यता किती हे त्या उत्तरावरून ठरेल.